छताकडे बघा, हलू नका

१

माणूस माणसाला चेहऱ्यावरून ओळखतो. ताई लोकांना उलट्या चेहऱ्यावरून ओळखत. धंदाच तसा होता. बाई खुर्चीत मागे रेलली की ताई तिच्या डोक्यामागे उभ्या राहणार, दोऱ्याचं एक टोक दातांत धरणार, उरलेल्या दोऱ्याला बोटांवर पीळ देणार आणि भुवईचे केस उपटत जाणार. त्यांना दिसायचं ते सगळं उलटं. कपाळ खाली, हनुवटी वर, आणि मधे दोन मिटलेले नाहीतर टक्क उघडे डोळे. अर्धं आयुष्य असं गेल्यावर रस्त्यात सरळ चेहरा समोर आला की ताईंना ओळखच पटायची नाही. एकदा एका गिऱ्हाईक बाईंनी भर बाजारात अडवलं आणि म्हणाल्या, "काय ताई, शिष्ट झालात! ओळखसुद्धा देत नाही." ताई म्हणाल्या, "अहो, तुम्ही जरा डोक्यावर उभ्या राहा, लगेच ओळखते." बाई आठवडाभर ही गोष्ट सांगत फिरल्या.

पार्लर म्हणजे गल्लीतली एक खोली. पुढे काचेचं दार, दाराशी बाकडं, मधे ती मागे कलणारी खुर्ची, समोर आरसा आणि मागे पडद्याआड बेसिन. दिवसभर ट्यूबलाइटची घरघर आणि दोऱ्याची करकर. ताईंची वाक्यंही ठरलेली होती. आधी "दोन्ही हातांनी कातडी ताणून धरा." मग "छताकडे बघा, हलू नका." आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतून पाणी आलं की "येतं हो, सगळ्यांच्याच येतं." एवढ्या भांडवलावर त्यांनी घर चालवलं होतं.

मोबदल्यात मान गेली होती. वर्षानुवर्षं खाली वाकून वाकून ती आता वर जायलाच तयार नव्हती. डॉक्टरांनी पट्टा दिला होता, तो खुंटीला लटकलेला असायचा. "पट्टा लावून दोरा कसा धरू? तुम्ही याल का भुवया करायला?" असं त्यांनी डॉक्टरांनाच ऐकवलं होतं. समोर बघता येई, खाली बघता येई. वर बघायचं म्हटलं की मानेतून कळ थेट डोक्यात जायची. आकाश शेवटचं कधी नीट बघितलं, ते ताईंना आठवत नव्हतं.

म्हणूनच छतावर ओल धरलीय हेही त्यांना दुसऱ्यानं सांगावं लागलं. क्रीमच्या कंपनीचा विक्रेता आला होता. तो म्हणाला, "ताई, बायका खुर्चीत पडून वर बघतात आणि त्यांना ओलीचे डाग दिसतात. शोभतं का हे?" त्याच्याकडे एक मोठं पोस्टर होतं, कुठल्याशा मुलीच्या चेहऱ्याचं. स्टुलावर चढून त्यानं ते खुर्चीच्या बरोबर वर छताला चिकटवलं. "बघा ना, कशी दिसते?" ताईंच्या दातांत दोरा होता, खुर्चीत बाई होती. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "छान." फुकटात ओल झाकली गेली, आणखी काय हवं होतं?

घरी एक लेक होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यानं मागे काय ठेवलं म्हणाल, तर एक न चालणारा रेडिओ आणि लेकीच्या कपाळावर स्वतःच्या भुवया. दाट, काळ्याभोर, मधे जुळलेल्या. पोरगी जन्मली तेव्हा तिला हातात घेऊन तो म्हणाला होता, "अगं, हिच्या कपाळावर तर ढग भरून आलेत." तेव्हापासून ती ढगू. लहानपणी घाबरली की आधी तिच्या भुवया एकमेकींवर चढायच्या, सगळा चेहरा अंधारायचा आणि मग रडू फुटायचं. नवरा घरात नव्हता, पण लेक कपाळाला आठ्या घालून चहा पिताना दिसली की ताईंना वाटायचं, आहे इथेच कुठेतरी.

२

पहिल्यांदा खटकलं ते शाळेतल्या बाईंच्या वेळी.

या बाई ताईंच्या अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाईक. लहानपणी झोपाळ्यावरून पडल्या होत्या, त्याची डाव्या भुवईत खोक होती. तेवढ्या जागी केस नव्हते. दर वेळी ताई त्या खोकेच्या आधी दोरा थांबवायच्या आणि ती ओलांडून पुढे जायच्या. डोळे झाकूनही हात तिथे थांबला असता. त्या दिवशी हात थांबला आणि खाली खोकच नव्हती. भुवई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरलेली होती, बारीक, कमानदार, रेखीव.

ताईंनी दातांतला दोरा काढला. "बाई, पेन्सिल लावलीत का?"

"नाही हो. का?"

ताईंनी ओल्या कापसानं पुसून पाहिलं. कापूस पांढराच्या पांढरा राहिला. "तुमची ती खोक कुठे गेली?"

"कसली खोक?" बाई वरच बघत होत्या. आवाज असा, की जणू दुसऱ्या खोलीतून कोणी बोलतंय. "माझ्या भुवईला कधी काय झालंय?"

"अहो, झोपाळ्यावरून पडला होतात ना?"

"मी?" बाई हसल्या. "तुमचा कोणाशी तरी घोळ होतोय ताई. दिवसभर इतके चेहरे, होणारच."

होणारच, ताईंनी मनाशी म्हटलं. आता वय झालं, पाठ धरते, रात्री झोप लागत नाही, डोकं तरी किती लक्षात ठेवणार? केस काय, उगवतातही. रानात उगवतात तसे उगवले असतील. पण बोटांना वय नसतं, आणि बोटं तर थांबली होती.

शेजारी चष्म्याचं दुकान होतं. चष्मेवाले काका ताईंपेक्षा थोडे मोठे, तिरकस बोलायचे, पण वेळेला धावून येणारे. संध्याकाळी ताई त्यांच्याकडे जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "काका, जरा डोळे तपासा."

काकांनी भिंगं बदलून बदलून पाहिली. "नंबर आहे तोच आहे. तुमच्या डोळ्यांना काही धाड भरलेली नाही. थकलायत तुम्ही. चार दिवस दुकान बंद ठेवा."

"आणि खाऊ काय?"

"मग चालू ठेवा," काका म्हणाले. दोघंही हसले आणि विषय तिथेच संपला.

३

हळूहळू काम कमी झालं. म्हणजे गिऱ्हाईक कमी झालं नाही, उलट वाढलं. बाकड्यावर जागा पुरेना. कमी झालं ते काम.

बाई खुर्चीत पडायची, ताई दोरा घेऊन वाकायच्या, आणि उपटायला काहीच नसायचं. भुवया आधीच झालेल्या. एकही केस रेषेबाहेर नाही. पहिल्या पहिल्यांदा ताई स्पष्ट सांगायच्या, "अहो, तुमच्या झालेल्याच आहेत की. कुठून करून आलात?" त्यावर उत्तर एकच, "कुठून नाही. करा ना ताई. मन भरत नाही." मग ताई दोरा नुसताच कातडीवरून फिरवायच्या. बाई वर बघत पडून राहायची. तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. न उपटलेल्या केसांचं ते पाणी बघून ताईंना कसंतरी व्हायचं, पण त्या तोंडानं म्हणायच्या, "येतं हो, सगळ्यांच्याच येतं."

गिऱ्हाइकाच्या खांद्यांवर त्या पांढरं कापड पसरायच्या. संध्याकाळी ते दारात झटकलं की केसांचा पाऊस पडायचा आणि काका शेजारून ओरडायचे, "ताई, माझ्या दुकानात नका पाठवू!" आता कापड झटकलं की काहीच पडायचं नाही. दिवसभर दुकान भरलेलं आणि कापड धुतल्यासारखं.

एका दुपारी सासू आणि सून बरोबर आल्या. सासू थोराड, सून शेलाटी. दोघींचं आपापसात विळ्या-भोपळ्याचं सख्य, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आधी सासू बसली, मग सून. सुनेच्या भुवईवर अंगठा ठेवला आणि ताई दचकल्या. अंगठ्याखाली सासूच होती. तीच कमान, तोच उंचवटा, तेच हाड. त्यांनी बाकड्याकडे पाहिलं. सासू तिथेच बसली होती, मान मागे टाकून, वर छताकडे बघत.

"वरची ती मुलगी किती गोड आहे हो," सासू म्हणाली.

"बघत राहावंसं वाटतं," सून म्हणाली.

अख्ख्या आयुष्यात त्या दोघींचं एका गोष्टीवर एकमत झाल्याचं ताईंनी पहिल्यांदाच ऐकलं.

त्या संध्याकाळी काका आपण होऊन आले. हातात चष्म्याची एक फ्रेम होती, ती ते उगीच उघडझाप करत होते. "ताई, एक विचारू? हसू नका. पूर्वी प्रत्येक चष्मा मला माणसागणिक वाकवावा लागायचा. एकाचं नाक बसकं, एकाचा कान खाली, एकाचा वर. नाकी नऊ यायचे. आता कोणालाही कुठलीही फ्रेम घाला. बसते. बायकांना तर बसतेच."

"मग चांगलंच आहे की," ताई म्हणाल्या.

"चांगलंच आहे," काका म्हणाले आणि फ्रेम खिशात टाकून निघून गेले. ती त्यांची खिशात टाकायची फ्रेम नव्हती, विकायची होती.

४

लेकीला कपड्यांच्या मोठ्या दुकानात काउंटरवर नोकरी हवी होती. मुलाखत चांगली झाली, हिशेब येत होता, बोलणं चुणचुणीत होतं. पण दुकानाच्या बाईंनी जाताना म्हटलं, "बाकी सगळं ठीक आहे. चेहरा जरा फ्रेश करून या आणि मग भेटा."

 रात्री जेवताना पोरीनं ताट सरकवलं. "आई, माझ्या भुवया कर."

"काही गरज नाही."

"लोकांच्या लेकींना देखणं करतेस आणि मला अशी ठेवतेस? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"तू आहेस तशी चांगली आहेस."

"हे तू म्हणतेस! तू? दिवसभर बायकांना काय सांगतेस, आहात तशा जा घरी?" तिच्या भुवया एकमेकींवर चढल्या होत्या. "आई, तुला माहितीये का, बसमध्ये, दुकानात, कुठेही मी एकटीच आहे अशी. बाकी सगळ्या... सगळ्यांकडे बघ एकदा. लोक माझ्याकडे बघतात ना, ते मी वाईट दिसते म्हणूनसुद्धा बघत नाहीत. काहीतरी चुकून राहून गेलंय असं बघतात."

 लेक बोलली ते खोटं नव्हतं, आणि त्यात ताईंचा हात होता, हेही खोटं नव्हतं. या भुवया माझ्या नवऱ्याच्या आहेत, त्या माझ्यासाठी ठेव, असं लेकीला कसं सांगायचं? तिचा चेहरा काही नवऱ्याची आठवण ठेवायचं फडताळ नव्हता. आणि खरं सांगायचं तर ताई दमल्या होत्या. नाही म्हणायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

पार्लरला सुट्टी होती त्या दिवशी दुपारी दोघी गेल्या. काचेचं दार आतून लावून घेतलं. ट्यूबलाइट दोनदा फडफडून लागली. लेक आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीत रेलली. ताईंनी ठरवलं होतं, मधले तेवढे काढायचे, बाकीच्याला हात लावायचा नाही. ढग राहू द्यायचे, फक्त दोन वेगळे करायचे.

"छताकडे बघ, हलू नको."

लेक वर बघू लागली. जरा वेळानं म्हणाली, "आई, ही कोण गं?"

ताईंच्या दातांत दोरा होता. त्यांनी नुसतं 'हं?' केलं.

"वरची. हिला कुठेतरी बघितलंय. माझ्याकडेच बघतेय." मग तिचा श्वास संथ झाला. झोपली की काय, म्हणून ताईंनी पाहिलं, तर डोळे टक्क उघडे.

किती दिवसांनी दोऱ्याला काम मिळालं होतं. करकर, करकर. केस कापडावर पडू लागले, जाड, काळे. हात सुटला तो सुटला. मधले झाले, खालचे झाले, मग वरचेही. इतक्या वर्षांची सवय बोटांत होती आणि ताईंचं डोकं कुठेतरी भलतीकडेच होतं, घरच्या न चालणाऱ्या रेडिओपाशी. भानावर आल्या तेव्हा दोन्ही भुवया झाल्या होत्या. बारीक, कमानदार, रेखीव. खाली उलटा चेहरा होता, डोळे भरून आलेले, आणि क्षणभर तो चेहरा कोणाचा, हे ताईंना सांगता येईना. शाळेतल्या बाईंचा म्हणावा तर होता. सुनेचा म्हणावा तर होता.

"झालं?" असं म्हणत लेक उठली आणि आरशात बघून खुदकन हसली. आवाज लेकीचा होता. ताईंच्या जिवात जीव आला.

ती पडद्याआड तोंड धुवायला गेली तेव्हा ताईंनी कापडावरचे केस चिमटीनं गोळा केले आणि पावडरच्या रिकाम्या डबीत ठेवले. का, ते त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

५

नोकरी लागली. लेक खूश होती. ताईही सांगत फिरल्या, काकांना पेढ्याऐवजी चहा पाजला. केस काय, आठ दिवसांत परत येतील, हा त्यांचा मनाशी हिशेब होता. या पोरीचे केस गवतासारखे वाढायचे.

आठवडे गेले. केस आले नाहीत. रोज सकाळी ताई झोपलेल्या लेकीच्या उशाशी उभ्या राहून वाकून बघायच्या. दोन भुवयांच्या मधली जागा गुळगुळीत होती. तिथे कधी काही नव्हतंच, असं वाटण्याइतकी.

एका सकाळी लेक डबा विसरून गेली. ताईंनी पार्लर उशिरा उघडायचं ठरवलं आणि डबा घेऊन त्या दुकानात गेल्या. दुकान मोठं होतं, गार होतं, भिंतीभर आरसे आणि आरशांच्या वर चकचकीत चेहऱ्यांच्या पाट्या. काउंटरमागे मुली उभ्या होत्या, एकसारख्या शर्टात. ताईंनी एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, तिसरीकडे पाहिलं. तेवढ्यात मधली हसली. ओळखीचं हसली. ताईंनी तिच्या हातात डबा दिला आणि म्हणाल्या, "सगळा संपव गं, परत आणू नकोस." तिनं मान हलवली. डबा घेतला.

संध्याकाळी लेक घरी आली ती भुकेनं वैतागलेली. "आई, डबा राहिला माझा. आणून दिला असतास तर काय बिघडलं असतं?"

ताईंच्या हातातला पेला तसाच राहिला. "आणला होता की. तुझ्या हातात दिला."

"माझ्या?" लेक हसायला लागली. "आई, कोणाला दिलास?"

ताई उठून मोरीपाशी गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या.   उलटे चेहरे बघायची सवय, म्हणून चूक झाली, त्यांनी स्वतःला समजावलं. गर्दी होती, उजेड फार होता. पण आई ती आई. गाईला कळपात वासरू कळतं. मला काउंटरमागच्या तीन मुलींत माझी कळली नाही.

आणि दुसरा विचार त्याहून वाईट होता. ती दुसरी मुलगी माझ्या हातचं जेवली, आणि तिलाही ते परकं वाटलं नाही.

रात्री लेक भिंतीवरचा फोटो बघत उभी होती. फोटोत बाप होता, त्याच्या खांद्यावर लहानगी ढगू, दोघांच्या भुवया एका साच्यातल्या. "किती विचित्र दिसते ना ही," लेक म्हणाली.

"ही कोण?" ताईंनी विचारलं. "ढगू आहे ती."

"कोण ढगू?" लेकीनं सहज विचारलं आणि दिवा मालवला.

६

रात्रभर ताईंच्या डोळ्यांपुढे खुर्चीत पडून वर बघणाऱ्या बायका येत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या काकांकडे गेल्या. "काका, तुम्ही उंच आहात. माझ्या छतावरचं पोस्टर तेवढं काढून द्या."

काका आले, स्टुलावर चढले, हात वर केला. आणि तसेच राहिले. ताईंना त्यांचे फक्त पाय दिसत होते, चपलेतला अंगठा दिसत होता. 

"काका, निघत नाही का?"

"हं?" काका खाली उतरले. डोळे ओले होते. "राहू द्या ना ताई. चांगलं आहे. काढलं तर ओल दिसेल." आणि ताईंकडे न बघता ते आपल्या दुकानात गेले. तिरकस काहीच बोलले नाहीत.

ताईंनी छोटा आरसा छताच्या दिशेनं धरून बघितलं. चकचकीत कागदावर ट्यूबलाइटची तिरीप पडली होती, नुसता पांढरा उजेड दिसला. मान मागे टाकून बघायला गेल्या, तर मानेतून अशी कळ गेली की आरसा खाली ठेवून बाकडं धरावं लागलं. मग त्यांनी त्या खुर्चीकडे पाहिलं. जन्म तिच्या मागे उभं राहण्यात गेला. तिच्यात बसायचं कधी सुचलंच नव्हतं.

त्यांनी दाराची पाटी फिरवून 'बंद' केली. पावडरची डबी मुठीत घेतली. खुर्चीत बसल्या आणि हळूहळू मागे रेलल्या. डोकं उशीवर टेकलं आणि मानेची कळ थांबली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा थांबली. इतकं बरं वाटलं की त्यांनी डोळे मिटून घेतले. एवढ्याचसाठी येत असतील का बिचाऱ्या, त्यांच्या मनात आलं. घडीभर कोणीतरी आडवं होऊ देतं म्हणून?

काचेचं दार वाजलं. "आई? अरे वा! बसलीस एकदाची."

लेकीला सुट्टी होती, ताई विसरल्या होत्या. पावलं खुर्चीमागे आली. रिळावरून दोरा सुटल्याचा आवाज झाला. ताईंनी डोळे उघडले तर वर चेहरा होता. उलटा, रेखीव, हसरा. तो चेहरा वाकलेला असल्यामुळे त्यामागचं छत दिसत नव्हतं.

"तुझ्या भुवया बघितल्यास का कधी? रान माजलंय. थांब, मी करते. लहानपणापासून बघतेय, येतं मला."

"नको गं. मला फक्त वरचं..."

"छताकडे बघ," लेक म्हणाली, तिचा अंगठा ताईंच्या कपाळावर टेकला, "हलू नको." तिनं दोऱ्याचं टोक दातांत धरलं आणि नीट उभं राहायला जराशी बाजूला सरकली.

तिच्या खांद्यावरून छत दिसलं. ओलीचा एक कोपरा दिसला. आणि मधे तो मोठा चेहरा.

गोरा, गोल, कोणाचाही असावा असा. फक्त कपाळावर भुवया होत्या दाट, काळ्याभोर, मधे जुळलेल्या. त्या एकमेकींवर चढल्या होत्या. सगळा चेहरा अंधारला होता. त्यानंतर काय होतं, ते ताईंना ठाऊक होतं. त्यानंतर रडू फुटायचं आणि ती हात पुढे करायची.

"ढगू," ताई म्हणाल्या.

 खुर्चीमागे उभी होती तिच्या दातांत दोरा होता. तिनं तो ताणला. करकर झाली आणि पहिला केस निघाला.

ताईंच्या मुठीत डबी होती. उठायला हवं होतं. ओरडायला हवं होतं, शेजारी काका होते. पण उठल्या असत्या तर मान पुन्हा खाली वळली असती आणि वरचं दिसेनासं झालं असतं. म्हणून त्या हलल्या नाहीत. डोळे टक्क उघडे ठेवून त्या आपल्या लेकीकडे बघत राहिल्या आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"येतं गं," मागून कोणीतरी मायेनं म्हणालं. "सगळ्यांच्याच येतं."